फिली विरुद्ध कोल्ट: एकास एक शर्यतीने काय ठरते?

मागील अंकात या सदरात रफियन ही मादी आणि फूलिश प्लेझर हा नर या दोन अमेरिकन घोड्यांमधील १९७५ च्या एकास एक शर्यतीवर एक छोटे टिपण आले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच वादाकडे आहे. मादी आणि नर यांना एकास एक पळवले, तर त्यातून श्रेष्ठ कोण हे ठरते का, असा तो वाद आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की शर्यतीच्या परिभाषेत साधारणतः चार वर्षांपर्यंतच्या मादीला फिली आणि नराला कोल्ट म्हणतात, आणि दोन घोड्यांमधील अंतर घोड्याच्या लांबीने, म्हणजे लेंग्थने मोजतात. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: रफियनचा पाय मोडला नसता तर ती जिंकली असती का? आणि ती जिंकली असती, तर फिली कोल्टच्या तोडीच्या असतात हे कायमचे सिद्ध झाले नसते का? — एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

ती जिंकली असती असे मला वाटते. सिद्ध मात्र फारसे काही झाले नसते. ही दोन्ही विधाने एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे दाखवण्यासाठी थोडे तपशिलात जावे लागेल.

रफियन २२ मे १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर पहिल्यांदा पळाली आणि १५ लेंग्थने जिंकली. त्यानंतरच्या वर्षभरात ती एकूण दहा शर्यती पळाली आणि दहाही जिंकली. नुसत्या विजयांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की त्या दहा शर्यतींत दुसरी कोणतीही फिली कोणत्याही टप्प्यावर तिच्या पुढे नव्हती. सुरुवातीच्या झेपेतच आघाडी घ्यायची आणि ती शेवटपर्यंत सोडायची नाही, अशी तिची पळण्याची रीत होती. १९७५ मध्ये एकॉर्न, मदर गूज आणि कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स या फिलींच्या तिन्ही मानाच्या शर्यती तिने जिंकल्या. त्यांतील शेवटची दीड मैलांची होती. परंतु या दहापैकी एकाही शर्यतीत तिच्यासमोर कोल्ट नव्हता.

त्याच हंगामात कोल्टमध्ये निर्विवाद श्रेष्ठ कोणी ठरला नव्हता. केंटकी डर्बी फूलिश प्लेझरने, प्रीकनेस मास्टर डर्बीने आणि बेलमाँट स्टेक्स अवतारने जिंकली होती. दोनच वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, बिली जीन किंग यांनी बॉबी रिग्ज यांना टेनिसच्या गाजलेल्या स्त्री-पुरुष सामन्यात हरवले होते आणि ती हवा अजून विरली नव्हती. फिली विरुद्ध कोल्ट ही कल्पना अशा वातावरणात उचलली गेली. प्रेक्षक ‘त्याच्या’ किंवा ‘तिच्या’ बाजूचे बिल्ले लावून ६ जुलै १९७५ रोजी बेलमाँट पार्कवर आले. मैदानावर सुमारे ५० हजार माणसे होती आणि दूरचित्रवाणीवर पाहणारे कोट्यवधींच्या घरात होते. दोन जनावरांच्या पायांवर माणसांनी आपले भांडण लादले, असे मी म्हणतो ते यामुळे.

अंतर सव्वा मैलाचे होते. जॉकी आणि खोगीर धरून फूलिश प्लेझरच्या पाठीवर १२६ पौंड आणि रफियनच्या पाठीवर १२१ पौंड वजन होते. जासिंटो व्हास्केझ हे दोघांचेही नेहमीचे जॉकी होते. त्यांना निवड करावी लागली आणि त्यांनी रफियन निवडली. फूलिश प्लेझरवर ब्राउलिओ बाएझा बसले. दोन्ही घोड्यांची पाठ ज्याला माहीत होती त्या एकमेव माणसाचा तो कौल होता, आणि ती जिंकली असती असे मला वाटण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. दुसरे कारण असे की दोनच घोड्यांच्या शर्यतीत आरंभीचा वेग फार मोलाचा ठरतो आणि तो तिच्यापाशी होता. पहिला पाव मैल दोघांनी साधारण बावीस सेकंदांत कापला. ती अर्ध्या लेंग्थने पुढे सरकत असतानाच तिच्या उजव्या पुढच्या पायातील सेसमॉइड ही सांध्यामागची दोन्ही हाडे मोडली. व्हास्केझ तिला थांबवण्यासाठी लगाम खेचत होते आणि ती पळतच राहिली. फूलिश प्लेझरने उरलेले अंतर एकट्याने पूर्ण केले.

रात्री शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताच ती पळत असल्यासारखी पाय झाडू लागली. त्यात प्लास्टर निखळले, पायाला नवी इजा झाली आणि ७ जुलैच्या पहाटे तिला वेदनामुक्त करण्याचा निर्णय घ्यावा लागला. तिला बेलमाँट पार्कच्या मैदानातच, निशाणाच्या खांबाजवळ पुरले होते. जनावर भुलेतून बाहेर येण्याचा काळ शस्त्रक्रियेइतकाच धोक्याचा असतो, ही गोष्ट त्या रात्री सर्वसामान्यांनाही कळली. पेनसिल्व्हेनियातील न्यू बोल्टन सेंटर येथे घोड्याला तराफ्यात बसवून कोमट पाण्याच्या हौदात शुद्धीवर आणण्याची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. २००६ मध्ये प्रीकनेसमध्ये पाय मोडलेल्या बार्बारोला याच रीतीने भुलेतून बाहेर काढले होते. तो शस्त्रक्रियेतून निभावला, परंतु पुढे खुरांच्या विकाराने जानेवारी २००७ मध्ये गेला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. समजा रफियन त्या दिवशी पाच लेंग्थने जिंकली असती, तर एक असामान्य फिली एका चांगल्या कोल्टपेक्षा त्या अंतरावर, त्या दिवशी वेगवान होती, एवढेच म्हणता आले असते. फूलिश प्लेझर हा त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ कोल्ट होता की नाही, याबद्दलच मतभेद होते. मग त्याच्या पराभवावरून साऱ्या नरजातीचा निकाल कसा लावायचा? तसेच, ती हरली असती तरी साऱ्या फिली कमी ठरल्या नसत्या. ज्या वादाचे उत्तर शेकडो शर्यतींतून हळूहळू मिळायचे, ते दोन मिनिटांत मिळवण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या रकमेच्या अशा शर्यती जवळजवळ बंदच झाल्या, ही गोष्ट मला योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र मला आवर्जून सांगायची आहे, कारण ती फारशी सांगितली जात नाही. फूलिश प्लेझरचे ट्रेनर लेरॉय जॉली होते. १९७५ च्या त्या शर्यतीत जॉली आणि व्हास्केझ हे एकमेकांविरुद्धच्या गोटांत होते. १९८० मध्ये हेच दोघे जेन्युइन रिस्क या फिलीसाठी एकत्र आले आणि तिने केंटकी डर्बी जिंकली. १९१५ च्या रिग्रेटनंतर हा मान मिळवणारी ती पहिलीच फिली होती. पुढे प्रीकनेस आणि बेलमाँट या दोन्ही शर्यतींत ती दुसरी आली. कोल्टने भरलेल्या मैदानात, पाच आठवड्यांत तीन वेळा, तीन वेगवेगळ्या अंतरांवर तिने जे केले, त्याला मी पुरावा म्हणतो.

प्रश्न: एकास एक शर्यतीने काहीच ठरत नाही असे आपण कसे म्हणता? सीबिस्किट आणि वॉर अॅडमिरल यांचा वाद १९३८ मध्ये एका शर्यतीने कायमचा मिटला, हे सर्वमान्य आहे. — सेवानिवृत्त शिक्षक, पंचवटी

गुरुजी, ती शर्यत मलाही प्रिय आहे, आणि तरीही माझे म्हणणे तिच्यामुळेच अधिक पक्के झाले आहे.

१ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिमलिको मैदानावर हे दोघे भिडले. वॉर अॅडमिरल हा प्रख्यात मॅन ओ’ वॉरचा मुलगा आणि १९३७ चा ट्रिपल क्राउन विजेता, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट स्टेक्स या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा. सीबिस्किटचा बाप हार्ड टॅक हाही मॅन ओ’ वॉरचाच मुलगा, म्हणजे नात्याने हे काका-पुतणे होत. वॉर अॅडमिरल सुसाट सुटणारा आणि सीबिस्किट मागून येऊन मुसंडी मारणारा, असा दोघांचा लौकिक होता. त्यामुळे जाणकारांचा कौल काकाच्या बाजूने होता. एकास एक शर्यतीत जो पहिल्यांदा आघाडी घेतो त्याचे पारडे जड असते, हे त्यांना ठाऊक होते.

हीच गोष्ट सीबिस्किटचे ट्रेनर टॉम स्मिथ यांनाही ठाऊक होती. ही शर्यत गेटमधून न सुटता घंटेच्या ठोक्यावर सुटणार होती. म्हणून स्मिथ यांनी घंटा वाजताच उसळी घेण्याची सवय सीबिस्किटला सरावात लावली. प्रत्यक्ष शर्यतीत जॉर्ज वुल्फ यांनी त्याला पहिल्या काही पावलांतच पुढे काढले आणि सारा अंदाज उलटा झाला. मधल्या सरळ पट्ट्यावर वुल्फ यांनी वॉर अॅडमिरलला मुद्दाम बरोबरीला येऊ दिले, कारण शेजारी प्रतिस्पर्धी दिसला की सीबिस्किट अधिक जिद्दीने पळतो असे रेड पोलार्ड यांनी त्यांना सांगितले होते. पोलार्ड हे सीबिस्किटचे नेहमीचे जॉकी. ते त्या वेळी जायबंदी होते. सीबिस्किट चार लेंग्थने जिंकला आणि त्या मैदानाचा त्या अंतरावरील विक्रम मोडला.

या शर्यतीतून टॉम स्मिथ यांची तयारी आणि वुल्फ यांची हुशारी निःसंशय सिद्ध झाली. सीबिस्किट किती समंजस आणि जिद्दी होता, हेही दिसले. परंतु दहा घोड्यांच्या गर्दीत, मैदान ओले असताना, वजनात फरक असताना या दोघांत कोण सरस ठरला असता, हे त्या शर्यतीने सांगितले नाही. नॅशुआ आणि स्वॅप्स यांचे उदाहरण घ्या. मे १९५५ मध्ये केंटकी डर्बीत स्वॅप्सने नॅशुआला हरवले. ऑगस्ट अखेरीस शिकागोच्या वॉशिंग्टन पार्कवर दोघेच पळाले, तेव्हा एडी आर्कारो यांनी नॅशुआला पहिल्या क्षणापासून दामटले आणि तो साडेसहा लेंग्थने जिंकला. स्वॅप्सच्या खुराला त्या सुमारास दुखापत होती. मग दोघांत श्रेष्ठ कोण? या वादावर लोक आजही तावातावाने बोलतात, म्हणजे एकास एक शर्यतीने तो मिटला नाही.

ज्या जोडीचा खरा निकाल आपल्यापाशी आहे ती म्हणजे अफर्म्ड आणि अॅलिडार. दोन हंगामांत ते दहा वेळा समोरासमोर आले. अफर्म्ड सात वेळा, तर अॅलिडार तीन वेळा सरस ठरला, आणि त्या तीनांतील शेवटचा विजय अफर्म्डला बाद केल्यामुळे मिळालेला होता. १९७८ मध्ये ट्रिपल क्राउनच्या तिन्ही शर्यतींत अफर्म्ड पहिला आणि अॅलिडार दुसरा आला. अंतर आधी दीड लेंग्थ, मग मानेइतके, मग डोक्याइतके असे कमी कमी होत गेले. इतकी सलग आणि इतकी निकोप स्पर्धा मला दुसरी दिसत नाही, आणि त्यातील एकही शर्यत दोघांपुरती भरवलेली नव्हती.

प्रश्न: आमच्या येवल्याच्या घोडेबाजारात चांगल्या घोडीला मान असतो आणि ती घोड्यापेक्षा कमी आहे असे कोणी मानत नाही. मग शर्यतीत फिलीला वजनाची सवलत कशासाठी? ही मेहेरबानी नव्हे काय? — एक अश्वपालक, येवला

मेहेरबानी नव्हे. ऐन वयात नराचे स्नायू सरासरीने अधिक भरतात आणि फरक थोडा असला तरी सर्वोच्च पातळीवर तो जाणवतो. शिवाय वसंतात फिली माजावर येण्याचे दिवस असतात आणि त्या काळात काही फिलींचे लक्ष आणि भूक दोन्ही बिघडतात. सवलत त्या सरासरी फरकापुरती असते. केंटकी डर्बीत ती पाच पौंड आहे, तर फ्रान्समधील आर्क द ट्रायम्फ या २४०० मीटरच्या शर्यतीत आणि आपल्या इंडियन डर्बीत दीड किलो. अर्धा टन वजनाच्या जनावराच्या पाठीवरचा दीड किलो म्हणजे फार नव्हे, पण निकाल नाकाच्या अंतराने लागतो तेव्हा तो मोजला जातो.

एवढ्या सवलतीवर काय घडते ते पाहा. २०११ ते २०१८ या आठ वर्षांत आर्कचे विजेते डेनड्रीम, सोलेमिया, ट्रेव्ह, पुन्हा ट्रेव्ह, गोल्डन हॉर्न, फाउंड, इनेबल आणि पुन्हा इनेबल असे आहेत. या यादीत गोल्डन हॉर्न हा एकच नर आहे. जगभरातील उत्तम कोल्ट आणि घोडे ज्या शर्यतीत उतरतात तिच्यात आठपैकी सात वेळा मादी जिंकली. आर्कमधील सवलत जरा जास्त आहे, अशी तक्रार त्यानंतर काही जणांनी केली आणि ती विचार करण्यासारखी आहे. मात्र फिली कमी पडतात ही तक्रार त्यांच्यापैकी कोणाची नव्हती.

प्रश्न: रेचल अलेक्झांड्रा आणि झेन्याटा यांच्यात श्रेष्ठ कोण? या दोघींची शर्यत व्हायला हवी होती असे मला अजूनही वाटते. — एक वाचक, नाशिकरोड

या दोघी एकमेकींसमोर कधीच आल्या नाहीत, हे शर्यतप्रेमींचे मोठे दुःख आहे आणि मी त्यात सहभागी आहे.

२००९ हे वर्ष विलक्षण होते. तीन वर्षांच्या रेचलने केंटकी ओक्स २० लेंग्थहून अधिक फरकाने जिंकली आणि पंधरवड्यात ती प्रीकनेसमध्ये कोल्टविरुद्ध उतरली. जॉकी कॅल्व्हिन बोरेल यांनी त्याच वर्षी माइन दॅट बर्डवर बसून डर्बी जिंकली होती. त्यांनी त्या डर्बी विजेत्याला सोडून रेचल निवडली आणि ती निवड खरी ठरली. १९२४ च्या नेली मॉर्सनंतर प्रीकनेस जिंकणारी ती पहिली फिली. पुढे तिने हास्केलमध्ये कोल्टना आणि वुडवर्डमध्ये वयाने मोठ्या घोड्यांना हरवले. वुडवर्ड जिंकणारी तर ती पहिलीच मादी. इकडे पाच वर्षांची झेन्याटा कॅलिफोर्नियात सर्वांच्या मागे राहून शेवटच्या सरळ पट्ट्यावर सर्वांना ओलांडत होती. नोव्हेंबरमध्ये तिने ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली आणि तीही ही शर्यत जिंकणारी पहिली मादी ठरली. तिच्या कारकिर्दीत वीस शर्यतींत १९ विजय आहेत. एकमेव पराभव २०१० च्या क्लासिकमध्ये, ब्लेमकडून, डोक्याच्या अंतराने. त्या शेवटच्या फर्लांगात ती जे पळाली ते तिच्या कित्येक विजयांहून मोठे होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

२०१० च्या वसंतात दोघींची गाठ घालण्यासाठी आर्कान्सामधील अॅपल ब्लॉसम शर्यतीचे बक्षीस वाढवण्याची तयारी झाली होती. परंतु रेचल त्याआधीची शर्यत हरली आणि तिच्या मालकांनी माघार घेतली. केवळ दोघींचीच शर्यत झाली असती तर रेचल जिंकली असती असे मी म्हणेन, कारण ती पुढे राहून पळणारी होती आणि झेन्याटाला मागून येण्यासाठी पुढे कोणीतरी वेगात दमणारे लागत असे. दहा-बारा घोड्यांच्या, सव्वा मैलाच्या, वेगवान शर्यतीत मी झेन्याटाची बाजू घेईन. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे निघतात, ती शर्यतीच्या रचनेमुळे. श्रेष्ठ कोण, असा थेट कौल मागितलात तर एका वर्षाच्या पराक्रमासाठी रेचल आणि संपूर्ण कारकिर्दीसाठी झेन्याटा. यापलीकडे मी जाणार नाही.

प्रश्न: परदेशातील उदाहरणे पुष्कळ झाली. आपल्याकडे फिलींनी कोल्टना हरवले आहे का? नाशिकहून जाऊन पाहता येईल अशी शर्यत कोणती? — एक वाचक, सिन्नर

हरवले आहे, आणि अगदी पहिल्या दिवसापासून. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील इंडियन डर्बी १९४३ मध्ये प्रथम झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने जिंकली. म्हणजे आपल्या डर्बीच्या विजेत्यांच्या यादीतील पहिलेच नाव फिलीचे आहे. अलीकडचे ठळक नाव जॅकलिनचे. तिने २०१० ची डर्बी जिंकली. आपल्याकडील वंशावळींचा आणि निकालांचा अभ्यास मराठीत फार कमी झाला आहे. ज्यांच्या घरी जुनी रेसकार्डे आणि कात्रणे असतील त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाहण्यासाठी डर्बीच उत्तम. ती परंपरेने फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते, २४०० मीटरची असते आणि चार वर्षांच्या भारतीय घोड्यांसाठी असते. तारीख आधी खात्री करून घ्यावी. मुख्य शर्यत दुपारनंतर असल्याने सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या लोकलने महालक्ष्मीला पोहोचण्यास पुरेसा वेळ मिळतो. ज्यांना पुणे सोयीचे आहे त्यांच्यासाठी पावसाळी हंगाम तेथे असतो आणि इंडियन सेंट लेजर सप्टेंबरमध्ये पुण्यातच होते. पैज लावणे आवश्यक नाही, आणि कोणत्या घोड्यावर लावावी हे या सदरातून सांगितले जात नाही.

रेसकार्ड हाती आले की घोड्याच्या नावाजवळची रंग आणि लिंग दर्शवणारी आद्याक्षरे पाहावीत. एफ म्हणजे फिली आणि सी म्हणजे कोल्ट. शेजारी वजन दिलेले असते. डर्बीत कोल्टपुढे ५७ आणि फिलीपुढे ५५.५ किलो दिसले की ती वर सांगितलेली सवलत. मग शर्यत सुटण्यापूर्वी पॅडॉकपाशी, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या जागेपाशी, जाऊन फिली शांतपणे चालते आहे की घामाने निथळते आहे, कान टवकारलेले आहेत की मागे पाडलेले, हे नीट न्याहाळावे. गर्दीत बिचकणारी फिली निम्मी शक्ती तेथेच घालवते. शर्यत सुटल्यावर पहिल्या ४०० मीटरमध्ये ती कोठे आहे आणि तिच्या पुढचे घोडे किती जोरात पळत आहेत, याकडे लक्ष ठेवावे. मागून येणाऱ्या फिलीची संधी पुढच्या घोड्यांच्या त्या वेगावर अवलंबून असते.